बात्योवानी ते पार्तिझान्स्के : बुटांच्या एका गावाची हकीकत

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमचा विषय फळ्यावर लिहिला, तेव्हा दोघातिघांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, "अहो, हे स्लोव्हाकिया कोठे आले, आणि तेथल्या एका लहानशा गावाशी आपला काय संबंध?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की, सभेला याल तेव्हा चपला बाहेर काढून या, आणि काढताना त्यांच्यावरचे नाव वाचा.

बाटा हे नाव आपल्याकडे कोणास ठाऊक नाही? तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एक तरी बाटाचे दुकान असते. जूनमध्ये शाळा उघडायच्या, त्याआधी मुलांना हाताशी धरून काळे बूट आणि पावसाळी चपला घ्यायला आईबाप तेथेच जात आले. किंमत पूर्ण रुपयांत कधी नसावयाची. शेवटी पाच-दहा पैसे कमीच. त्यामुळे काही पैशांनी हुकलेल्या आकड्याला 'बाटाचा भाव' म्हणण्याची चाल आपल्याकडे पडली. ही क्लृप्ती बाटाने युरोपातही वापरली. पुष्कळांची समजूत अशी की, बाटा ही आपल्याच देशातील एखादी जुनी पेढी असावी. वास्तविक हे मोराव्हियातील एका चांभार घराण्याचे आडनाव आहे, आणि त्याचा उच्चार 'बात्या' असा काहीसा होतो. या आडनावावरून जगात अनेक गावे वसली. त्यांपैकी एक कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी आहे, ते बाटानगर. दुसरे स्लोव्हाकियात नित्रा नदीच्या काठी होते, त्याचे नाव बात्योवानी. बाटानगराचे नाव आजही बाटानगर आहे. बात्योवानीचे मात्र १९४९ साली बदलले, ते आज पार्तिझान्स्के म्हणून ओळखले जाते. हे नाव का बदलले, आणि बदलले ते टिकले कसे, एवढीच हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम ठिकाण समजून घेऊ. स्लोव्हाकिया हा मध्य युरोपातील चोपन्न-पंचावन्न लाख वस्तीचा डोंगराळ देश. शतकानुशतके तो हंगेरीच्या राजांच्या अमलाखाली होता. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले, तेव्हा चेक व स्लोव्हाक मिळून चेकोस्लोव्हाकिया झाला. १ जानेवारी १९९३ पासून दोघे वेगळे नांदत आहेत. या देशाच्या पश्चिमेकडील भागात नित्रा नदीचे खोरे आहे. खोऱ्यातून एक रेल्वेफाटा वर कोळशाच्या खाणींकडे जातो. त्या वाटेवर शिमोनोवानी नावाचे खेडे होते. त्याचा उल्लेख १२६० सालच्या कागदात सापडतो; म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते तेव्हा हे खेडे नांदत होते. त्यानंतर पावणेसातशे वर्षे तेथे इतिहासात नोंद व्हावी असे फारसे काही घडले नाही. शेती, नदी, जवळच ऊन पाण्याचे झरे, आणि पोट भरेना म्हणून अमेरिकेच्या वाटेला लागणारी माणसे, एवढाच संसार. १९३८ साली या खेड्याच्या शिवारात बाटाने पाया खणला.

आता या बाटाविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. आमचे सारे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर गेले. मालकाची स्तुती आमच्या तोंडून सहज निघत नाही. परंतु तोमाश बाटा हा नेहमीच्या नमुन्याचा मालक नव्हता, हे मान्य करणे भाग आहे.

झ्लीन या गावी १८९४ मध्ये तोमाश, त्याचा भाऊ अंतोनीन व बहीण अन्ना या तिघांनी बूट करण्याचा धंदा मांडला. १९०४ मध्ये तोमाश अमेरिकेत गेला आणि लिन या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी साधा कामगार म्हणून राबला. यंत्रे कशी चालतात, काम कसे तुकड्यातुकड्यांनी वाटले जाते, हे त्याने हातांनी शिकून घेतले. परत आल्यावर १९०६ मध्ये कामगारांचा संप झाला. तो मोडला, आणि तेव्हापासून स्वतंत्र कामगार संघटनेशी बाटाचे कधी जमले नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या फौजेला बूट पुरवून कारखाना फुगला. युद्ध संपल्यावर मंदी आली, चेकोस्लोव्हाक नाणे महाग झाले, परदेशची गिऱ्हाइके तुटली. इतर कारखानदारांनी फाटकाला कुलपे लावली. बाटाने १९२२ मध्ये बुटांच्या किमती एकदम निम्म्यावर आणल्या. कामगारांची मजुरी चाळीस टक्के कापली, आणि त्याचबरोबर कंपनीच्या दुकानांतून त्यांना धान्य, कपडा निम्म्या भावाने दिला. माल खपला, कारखाना तगला. पुढच्या वर्षी, १९२३ मध्ये, गावच्या निवडणुकीत कम्युनिस्टांचा पाडाव करून बाटा झ्लीनचा नगराध्यक्ष झाला. म्हणजे मालक तोच, घरमालक तोच, दुकानदार तोच आणि नगरपालिकेच्या खुर्चीवरही तोच!

१९२४ पासून त्याने प्रत्येक विभागाचा हिशेब वेगळा ठेवून नफ्यात कामगारांना वाटा देण्यास आरंभ केला. या वाट्याची रक्कम कंपनीतच ठेवावयाची, तिच्यावर दहा टक्के व्याज. पगार शेजारच्या कारखान्यांहून चांगला. इस्पितळ, शाळा, सिनेमागृह सर्व कंपनीचे. हे पाहून काहींनी त्याला कामगारांचा तारणहार ठरवले, तर रुडॉल्फ फिलिप नावाच्या लेखकाने १९२८ मध्ये त्याला अज्ञात हुकूमशहा म्हणून पुस्तक लिहिले. बाटाने त्याला कोर्टात खेचले. हा वाद इतका माजला की जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कचेरीला या कारखान्याची पाहणी करावी लागली. आमचे मत विचाराल तर दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते. कामगाराचे पोट भरले होते, अंगावर कपडा होता, डोक्यावर छप्पर होते. फक्त 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती.

छपराचीच गोष्ट घ्या. बाटाच्या गावातील घरे विटांची, नेटकी, भोवती बाग असलेली. कारखान्यात सर्वांनी मिळून काम करावे, परंतु राहावे ज्याने त्याने आपल्या घरात, असा त्याचा सिद्धांत. चाळीस खोल्यांना एक नळ अशा चाळीत वाढलेल्या माणसाला हे चित्र पाहून हेवा वाटल्यावाचून राहत नाही. आम्हांस तर वाटलाच. भाडेही फार थोडे. परंतु घर कंपनीचे. नोकरी गेली की घर गेले. ही गोष्ट कागदावर एका ओळीची असते. तिचा अर्थ काय होतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. ज्या कारखान्यात आम्ही विसाव्या वर्षी लागलो, तो काही वर्षांनी बंद पडला. आणि पगार थकलेला असतानाच वसाहतीतल्या खोल्या रिकाम्या करण्याच्या नोटिसा दारांवर डकवल्या गेल्या. शेजारच्या काकू ती नोटीस हातात घेऊन आमच्याकडे आल्या व म्हणाल्या, "भाऊ, हे संपाचं पत्र आहे का घराचं?" त्यांना वाचता येत नव्हते. त्या दिवसापासून मालकाने बांधलेल्या सुंदर घराचे छायाचित्र पाहिले की आमची नजर आधी दाराकडे जाते.

तोमाश बाटा १२ जुलै १९३२ रोजी विमान कोसळून मरण पावला. त्याआधी काही महिने तो स्वतःच्या विमानाने हिंदुस्थानात येऊन गेला होता. मंदीमुळे देशोदेशींच्या सरकारांनी आयातीवर जबर जकाती बसवल्या होत्या. बूट पाठवता येत नाहीत, तर कारखानाच पाठवावा, अशी युक्ती त्याने काढली. पोलंडमध्ये खेल्मेक, युगोस्लाव्हियात बोरोव्हो, इंग्लंडमध्ये ईस्ट टिलबरी, हॉलंडमध्ये बेस्ट, अशी गावे थोड्याच वर्षांत उभी राहिली. आपल्याकडे प्रथम कलकत्त्याजवळ कोन्ननगर येथे काम सुरू झाले, आणि १९३४ मध्ये बाटानगराची पायाभरणी झाली. आज ज्या गावाची हकीकत आपण ऐकत आहोत, त्याहून आपले बाटानगर चार वर्षांनी वडील आहे!

तोमाशच्या मागे त्याचा सावत्र भाऊ यान अंतोनीन याने कारभार हाती घेतला. हा गृहस्थ मोठा हौशी. झ्लीनच्या सोळा मजली कचेरीत त्याने आपली खोलीच लिफ्टमध्ये बसवून घेतली. टेबल, खुर्ची, हात धुण्याचे भांडे, सगळे तीत. साहेब खोलीसकट मजल्यामजल्यांवर हिंडू शकावेत अशी योजना. कामगारांना लिफ्टसाठी ताटकळावे लागते हे आम्ही पाहिले होते. परंतु लिफ्टच साहेबाच्या बुडाखाली असावी ही कल्पना मात्र नवीन.

स्लोव्हाकियात बाटाने १९३४ मध्ये ताट्रा पर्वताच्या पायथ्याशी स्विट हे कृत्रिम धाग्याचे गाव वसवले होते. नित्रा खोऱ्यात बोशानी येथे कातडी कमावण्याचा कारखाना त्याच्याकडे आला होता. चामडे जवळ, रेल्वे जवळ, नदीचे पाणी जवळ, आणि खेड्यापाड्यांत बेकार माणसे वाटेल तितकी. शिवाय १९३८ मध्ये हिटलरची नजर चेकोस्लोव्हाकियाच्या पश्चिम सीमेवर होती. सर्व कारभार एका झ्लीनमध्ये ठेवणे धोक्याचे दिसू लागले होते. म्हणून शिमोनोवानीच्या शिवारात १९३८ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९३९ मध्ये बूट निघू लागले.

गावाचा साचा झ्लीनचाच. ६.१५ मीटर लांब-रुंद असा एक चौकोन ठरलेला. काँक्रीटचे खांब, मध्ये लाल विटा आणि काचा, असे चौकोन एकाशेजारी एक ठेवीत गेले की इमारत तयार. कारखाना त्याच मापाचा, वसतिगृह त्याच मापाचे. कारखान्याशेजारी मोकळा चौक, आणि पलीकडे एकेका, दोन-दोन व चार-चार कुटुंबांची घरे. चौदा-पंधरा वर्षांची मुले-मुली खेड्यांतून निवडून आणून वसतिगृहात ठेवीत. दिवसा कारखान्यात काम, संध्याकाळी शाळा, उठण्या-झोपण्याच्या वेळा ठरलेल्या, आणि मजुरीतून बचत सक्तीची. त्या मुलांनी आयुष्यात प्रथम स्वतःची स्वतंत्र खाट पाहिली असेल. ती शिकली, यंत्रावर बसली, पुढे त्यांनीच हे गाव चालवले. तेथील चर्चचा नकाशा व्लादिमीर कार्फीक याने केला. हा शिल्पज्ञ पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए व अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांच्या हाताखाली काम केलेला. ज्या ल कॉर्ब्युझिएने आपल्याकडे चंदीगड आखले, तोच हा. म्हणजे खेड्याच्या शिवारात उभे राहिलेले हे गाव अडाणी नव्हते. त्याला नाव मिळाले बात्योवानी, म्हणजे बाटाचे गाव.

विटा वाळतात न वाळतात तोच देश मोडला. मार्च १९३९ मध्ये हिटलरने चेक प्रांत गिळला, आणि त्याच वेळी स्लोव्हाकियाचे वेगळे राज्य निघाले. त्याचा अध्यक्ष योझेफ टिसो हा कॅथॉलिक पाद्री, धोरण बर्लिनचे. झ्लीनची मुख्य कचेरी सरहद्दीपलीकडे गेली. युद्धाच्या काळात बात्योवानीला काम कमी पडले नाही. पायांत बूट सर्वांनाच लागतात, आणि फौजांना जास्तच.

याच खोऱ्यात, याच रेल्वेने थोडे वर गेले की नोवाकी लागते. तेथे सरकारने ज्यूंसाठी छावणी उघडली होती. १९४२ मध्ये स्लोव्हाकियातून सुमारे ५८ हजार ज्यू जर्मनांच्या हवाली करण्यात आले. त्यांतील बहुतेक परत आले नाहीत. नोवाकीत जे मागे ठेवले, ते कोंडवाड्यात राहून शिवणकाम वगैरे करीत होते. एकाच खोऱ्यात कामगारांच्या दोन वसाहती: एकीत राहावयाला बाग, दुसरीला तारांचे कुंपण. हे डोळ्यांआड करून या गावाची कहाणी सांगता येत नाही.

२९ ऑगस्ट १९४४ रोजी टिसोच्या सरकारविरुद्ध व जर्मनांविरुद्ध स्लोव्हाक जनतेने व सैन्याने उठाव केला. बान्स्का बिस्त्रित्सा हे त्याचे मुख्य ठाणे. लोकशाहीवादी व कम्युनिस्ट यांनी १९४३ च्या नाताळात आपसांत करार करून त्याची तयारी केली होती. सैन्याचे पुढारी यान गोलियान व रुडॉल्फ विएस्ट हे दोन सेनानी. सैन्यात साठ हजारांच्या आसपास माणसे, आणि डोंगरांतून लढणारे पार्टिझान वेगळे. बात्योवानीत यंत्रांवरची माणसे उठली आणि पार्टिझानांना मिळाली. कारखान्यातले बूट लढणाऱ्यांच्या पायांत गेले. नोवाकीच्या छावणीची फाटके उघडली. तेथील ज्यू तरुणांची तुकडीही या खोऱ्यातील लढायांत उतरली. ज्या गावात मालकाला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती, त्या गावाने राज्यकर्त्यांना 'नाही' म्हटले. सक्तीच्या शाळेत घडलेली मुले होती ती. हुकूम पाळण्याची सवय लावलेली माणसे पुढेही फक्त हुकूमच पाळतील, असा हिशेब मालक लोक मांडतात. तो दर वेळी जुळत नाही.

उठाव दोन महिने टिकला. नित्रेचे खोरे जर्मनांनी सप्टेंबरातच परत घेतले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बान्स्का बिस्त्रित्सा पडले. गोलियान व विएस्ट पकडले गेले. त्यांना जर्मनीत नेऊन मारले. गावोगाव सूड उगवला गेला. सुटका झाली ती १९४५ च्या वसंतात, सोव्हिएत बाजूच्या फौजा आल्या तेव्हा.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मोठे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे झाले. बाटाही त्यांत गेला. यान अंतोनीन ब्राझीलमध्ये होता. त्याने प्रतिकाराला उघड पाठिंबा दिला नाही, या आरोपावरून १९४७ मध्ये त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून १५ वर्षांची शिक्षा सांगितली. पुढे २००७ मध्ये प्रागच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. तो तर १९६५ मध्येच वारला होता. तोमाशचा मुलगा कॅनडात गेला, आणि जगभरचा धंदा त्याने तेथून सांभाळला. आपल्याकडची दुकाने चालत राहिली ती त्या बाजूने. म्हणजे एकाच नावाच्या घराण्याचा कारखाना तिकडे सरकारचा झाला, आणि इकडे आपण मात्र बाटाच्याच चपला घालीत राहिलो.

१९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सर्व सत्ता हाती घेतल्यावर बाटाचे नाव पुसणे आलेच. १ जानेवारी १९४९ रोजी झ्लीनचे नाव गोटवाल्डोव्ह झाले, राष्ट्राध्यक्ष क्लेमेंट गोटवाल्ड याच्या नावावरून. त्यानंतर सहाच आठवड्यांच्या आत, ९ फेब्रुवारी रोजी, बात्योवानीचे पार्तिझान्स्के झाले, उठावातील गावकऱ्यांच्या कामगिरीवरून. कारखान्याला 'कारखाने २९ ऑगस्ट' असे नाव मिळाले.

या काळाविषयी आम्ही लांबण लावत नाही. गाव वाढले, शहर झाले. कारखान्यातून दर वर्षी कोट्यवधी जोड निघू लागले, आणि सोव्हिएत बाजारात खपू लागले. कामाला बायका पुष्कळ. बुटाचा वरचा भाग शिवणे हे जवळजवळ त्यांचेच काम. पाळणाघरे होती, सुट्टीत हवापालटाची सोय होती. कामगार संघटनाही होती, परंतु साऱ्या देशात एकच, आणि ती सरकारची. सरकारच मालक. संघटनेचा चिटणीस मालकाच्या पंगतीला बसलेला असला म्हणजे संप कोणी कोणाविरुद्ध करावयाचा? बाटाच्या वेळी संघटना नव्हती, आणि आता होती ती असून नसल्यासारखी. उठावाचे श्रेयसुद्धा राज्यकर्त्या पक्षाने स्वतःकडे ओढले. आणि खुद्द उठावाचा एक कम्युनिस्ट पुढारी गुस्ताव हुसाक याला त्याच पक्षाने १९५१ मध्ये तुरुंगात घातले. १९६० मध्ये तो सुटला.

१९८९ च्या नोव्हेंबरात ती राजवट कोसळली. त्यामागोमाग सोव्हिएत बाजारही गेला. आशियातून स्वस्त बूट येऊ लागले. 'कारखाने २९ ऑगस्ट' आधी खाजगी झाले, मग तुकडे पडले, मग भोंगा बंद झाला. ज्या गावात बूट करण्यावाचून दुसरे काम माहीत नव्हते, तेथे एकाच पिढीत हजारो हात रिकामे झाले. नित्रा खोऱ्याच्या वरच्या अंगाला कोळशाच्या खाणी होत्या, त्यांचे काम २०२३ अखेर थांबले. तोमाश बाटाने १९२२ मध्ये गाव वाचवले असे त्याचे भक्त म्हणतात. परंतु सगळे गाव एका फाटकातून आत-बाहेर करील अशी रचना त्यानेच केली, आणि पुढे सरकारने ती मोडली नाही, उलट घट्ट केली. या गोष्टीचा हिशेब कोणीतरी मांडलाच पाहिजे. आमच्याकडे एखादी गिरणी गेली तरी शेजारी दुसरे काही असे. तेथे शेजार म्हणून कारखान्याचाच दुसरा विभाग होता.

घरांचे मात्र निराळे झाले. १९८९ नंतरच्या वर्षांत स्लोव्हाकियात नगरपालिकांची व कारखान्यांची घरे बहुतेक राहणाऱ्यांनाच विकली गेली. कारखाना बुडाला, पण घर राहिले. शेजारच्या काकूंच्या हातची ती नोटीस आम्हांस येथे आठवते.

आता नावाविषयी. नवी राजवट येताच गोटवाल्डोव्हच्या लोकांनी ते नाव टाकून दिले. १९९० मध्ये झ्लीन पुन्हा झ्लीन झाले. पार्तिझान्स्केलाही तशीच संधी होती. कम्युनिस्टांनी दिलेले नाव. जुने नाव ज्याचे, तो बाटा आता पुन्हा आदराचा झालेला. तरीसुद्धा ते नाव राहिले. आमच्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे, की गोटवाल्डोव्ह हे नाव वरून आलेले, एका साहेबाचे. पार्तिझान्स्के हे नाव सरकारने दिले खरे, पण ज्या गोष्टीवरून दिले, ती गावातल्याच माणसांनी केली होती, आणि त्यांची मुले-नातवंडे त्याच विटांच्या घरांत राहत होती. आजोबा कोठे गेले होते, हे त्यांना पाठ्यपुस्तकातून शिकावे लागत नव्हते.

आज या गावची वस्ती वीस-बावीस हजार आहे. जुन्या कारखान्याच्या विटांच्या इमारतींतून निरनिराळे धंदे चालतात. त्यांतच नोवेस्टा नावाची एक कंपनी कॅनव्हासचे बूट करते, रबराचा तळ भट्टीत भाजून जोडण्याच्या जुन्या पद्धतीने. आपण शाळेत कवायतीला घालीत होतो, त्याच जातीचे ते बूट.